तिचं माझ्या गळ्यात

आमच्या घरात आंघोळीनंतर लिंगपूजा आणि लिंगपूजेनंतरच तोंडात पहिला घास, असा नियम. मग कुणाला एसटी गाठायची असो की कुणाच्या पोटात कावळे ओरडत असोत. आम्ही लिंगायत. लहानपणीच गळ्यात इष्टलिंग येतं, चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं, आणि ते जन्मभर अंगावरून उतरायचं नसतं. सकाळी डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, फूल-पाणी वाहायचं आणि थोडा वेळ त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात. ज्याचं त्याच्यासंगं जातं.

हे आधीच सांगून टाकतो. मधेच थांबून समजावत बसणं मला जमत नाही. दिंद्रुडला माझं किराणा दुकान आहे, तिथंही मी गिऱ्हाइकाला भाव एकदाच सांगतो.

पूजेच्या बाबतीत मी पहिल्यापासून चुकार. डबी उघडली, भस्माची बोटं ओढली, डबी बंद. हात पूजेत आणि डोळे घड्याळावर. बायको म्हणायची, गिऱ्हाइकाला कटवावं तसं देवाला कटवता तुम्ही. ती मात्र पाटावर बसली की घर पेटलं तरी उठली नसती. तिच्या लिंगाच्या कडेला एक टवका उडालेला होता. मुलगी रांगत असताना तिनं पूजेत हात घालून ते ओढलं आणि शहाबादी फरशीवर आपटलं. त्यावर माझ्या आईनं घर डोक्यावर घेतलं. खंडित लिंग अंगावर ठेवायचं नाही, मठातून दुसरं आणायचं, असा तिचा हुकूम होता. बायकोनं ऐकून घेतलं, आणि तेच पुसून परत डबीत ठेवलं. लेकराच्या हातून पडलंय, त्याचा दगडाला कशाला राग येईल, एवढंच ती म्हणाली. दोघींमध्ये त्यावरून पुढं कैक वर्षं धुसफूस चालली. आईचे डोळे मोतीबिंदूनं अधू झाले तरी ती अधूनमधून सुनेच्या पूजेत अंगठा फिरवून टवका चाचपायची आणि उसासा टाकायची.

छातीतली गाठ तिला आंघोळ करताना लागली. मग दिवाळी होऊ द्या, मग पोरीची परीक्षा होऊ द्या, असं करत तिनं ती लपवली. मला कळलं तेव्हा मी खूप बोललो. मला भीती वाटली की राग येतो, दुसरं काही येत नाही. बीडला दाखवलं, तिथून त्यांनी औरंगाबादला धाडलं. आता नाव संभाजीनगर झालंय, पण आमच्या तोंडात औरंगाबादच. तिथं तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आधी ऑपरेशन, मग केमो, मग लाईट. रेडिएशनला आमच्याकडं सगळे लाईटच म्हणतात.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सबाईंनी अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं. बांगड्या उतरल्या, जोडवी उतरली, मंगळसूत्र तर तिनं काही न बोलता माझ्या हातात दिलं. डबीची वेळ आली तेव्हा मूठ मिटून बसली. दंडाला बांधू द्या म्हणाली, तर एका दंडावर बीपीचा पट्टा येणार होता आणि दुसऱ्या हातात सलाईन. नर्सबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यामागं अजून चार पेशंट ताटकळत होते. मी म्हटलं, दे इकडं, खिशात ठेवतो.

"खिशात न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या गळ्यात घाला. अंगावरून अंगावर गेलं पायजे."

तिनं मान खाली केली, मी लाल दोरा तिच्या गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. माझा पांढरा दोरा आधीचाच होता. सदऱ्याखाली दोन डब्या एकमेकींवर वाजू लागल्या.

आत तिला घेऊन गेल्यावर आईचा फोन आला. सून कशी आहे हे विचारायच्या आधी तिनं लिंग कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली की एका गळ्यात दोन असं कुठं असतं का, आणि तिच्या अंगावर नसेल तर तिला पाणीसुद्धा चालत नाही. मी फोन कापला. पण बायको कुणाची सून होती. शुद्धीवर आल्यावर तिला पाणी द्यायला सांगितलं होतं, तिनं ओठ मिटून घेतले. बायकांच्या वॉर्डात भेटीच्या वेळेशिवाय पुरुषांना सोडत नव्हते. मी खाली चहाच्या गाड्यावर बसलेला आणि ती वर कोरड्या तोंडानं पडलेली. वर गेलो तर नर्सबाईच माझ्यावर उखडल्या, की तुमच्या पेशंटला समजवा, पाणी घेत नाहीत. मी डबी तिच्या कपाळाला लावली, तिनं हात लावून डोळ्यांना लावली, आणि मग चमच्यानं पाणी घेतलं. चार चमचे होऊ दिले. मग मला राहवेना. मी म्हटलं, पाण्यावाचून मेली असतीस तर?

"मेले असते तर ते आधी माझ्या हातावर द्यावं लागलं असतं," ती म्हणाली. "आन तुमी खाली चहा पीत बसला होता."

केमो सुरू झाली आणि घराची घडी मोडली. आई अंदाजानं भाकरी थापायची, तव्याची झळ हातानं ओळखून उलटायची. मुलगी दहावीला. ती शाळेत जायच्या आधी भाजी टाकायची, कधी मीठ दोनदा, कधी नाहीच. मी दुकान उशिरा उघडायचो. गावात बातमी फिरली तशी माणसं साखर-चहापत्ती न्यायला आल्यावर थांबायला लागली. कुणी गोमूत्र सांगायचं, कुणी पपईचा पाला, कुणी परळीकडच्या एका बाबाची पुडी. एका म्हातारीनं तर काऊंटरवर कोपर टेकवून विचारलं, "कावून झालं ओ अप्पा असं, लई चांगली बाई हाय." मी म्हटलं, विचारून सांगतो. ती दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दुकानात गेली. जाऊ दे म्हटलं.

ओकाऱ्यांपेक्षा, केस गेले त्यापेक्षाही, मला एकच गोष्ट जिव्हारी लागली. तिला माझा वास सहन होईना. हिंग, मिरची पावडर, गोडेतेलाचे डबे, अगरबत्त्या, सगळा किराणा माझ्या कपड्यांत असतो. लग्न झाल्यापासून ती त्याच वासाशेजारी झोपली होती. आता मी उंबऱ्यात आलो की ती पदर नाकाला लावायची आणि भांड्याकडं हात करायची. मग मी मागच्या दारानं येऊन आधी न्हाणीत जायचो, साबणानं खसाखसा घासायचो, मुलीनं काढून ठेवलेले कपडे घालायचो आणि मगच तिच्याजवळ बसायचो. तरी कधीकधी ती तोंड फिरवायची. मग म्हणायची, तुमचा नाही हो, औषधाचा दोष आहे. मला माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग.

लाईटच्या वेळी दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार रोज नंबर लागायचा. छातीवर शाईनं खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत आणि त्यावर काही घासू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. म्हणून ऑपरेशनपासून माझ्या गळ्यात आलेली डबी माझ्याच गळ्यात राहिली, घासाआधी बायको ती नुसती डोळ्यांना लावायची. शनिवारी मी घर आणि दुकान बघायला दिंद्रुडला जायचो. शेजारच्या खोलीतल्या पेशंटची आई तेवढे दिवस हिच्यावर लक्ष ठेवायची. निघताना मी लाल दोरा तिच्या चांगल्या हाताच्या मनगटाला बांधायचो, रविवारी संध्याकाळी आलो की परत माझ्या गळ्यात. ती दर वेळी तेच बोलायची. लाईट संपले की मी माझ्या हातानं गळ्यात घालीन, माझ्या पाटावर बसीन. तेवढ्यासाठी ती रोज त्या थंडगार खोलीत एकटी झोपून यायची. कातडी भाजल्यासारखी काळी पडली, सोलली, अंगाला सुती साडीचासुद्धा काठ लागू देईना. तरी नंबर तिनं एकही चुकवला नाही. मीही मनातल्या मनात तेच धरून बसलो होतो, की हिच्या हातानं ती डबी हिच्या गळ्यात गेली म्हणजे आपण सुटलो.

एके दिवशी तिच्या डबीची बिजागरी निखळली. चौकातल्या सोनाराकडं नेली. तो म्हणाला, रिकामी करून द्या, आणि दुसरी पण द्या, दोन्ही उजळून देतो. मी दोन्ही लिंगं काढून रुमालात घेतली आणि बाकावर बसलो. त्यानं काम करून दिलं, मी लाल दोऱ्याच्या डबीत एक ठेवलं, पांढऱ्या दोऱ्याच्या डबीत एक ठेवलं, आणि तिचा नंबर लागायची वेळ झाली म्हणून पळत सुटलो. मला दोरे तेवढे ओळखू यायचे. घोळ तिथं झाला. मला त्याचा पत्ताही नव्हता.

लाईट संपले. घरी आल्यावर तिनं आंघोळ केली, पाटावर बसली, आणि मी दिलेली डबी स्वतःच्या हातानं गळ्यात घातली. मुलगी रडली. आईनं गूळ वाटला. अंगात त्राण नव्हतं म्हणून ती त्या दिवशी डबी उघडून बसली नाही, नुसती डोळ्यांना लावली. पुढंही तसंच चाललं. डबी कपाळाला लावायची, मनात नाव घ्यायचं, की झाली पूजा. आई एरवी दहा शब्द बोलली असती, ती एकही बोलली नाही. उन्हाळ्यात बायकोच्या डोक्यावर बारीक केस आले. ती एकदोनदा भाकरीलाही बसली. मुलीचा दहावीचा निकाल चांगला लागला तेव्हा ती सगळ्या गल्लीत पेढे देऊन आली. मला वाटलं, गेलं ते.

मग पाठ धरली. आधी वाटलं, भाकरीला बसल्यानं. तेल चोळलं, शेकलं, माजलगावात हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधीचे कागद मागितले आणि ते बघून पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिले. पुन्हा औरंगाबाद. पुन्हा मशीन. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मणक्यात आहे, यकृतात आहे. दुखणं कमी करायच्या गोळ्या देता येतील, बाकी आता घरी न्या, म्हणाले. मी विचारलं, लाईट पुन्हा देता येत नाही का. ते म्हणाले, दुखण्यापुरते देऊ शकतो, त्यानं माणूस वाचत नाही. मी बाहेर आलो आणि तिला सांगितलं, अशक्तपणा आहे, हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या दिल्यात. परत येताना गाडीवाल्यानं जास्त पैसे मागितले, ते मी दिले. मधे ढाब्यावर पोऱ्यानं तिच्या साडीवर चहा सांडला, त्याला मी राहू दे म्हटलं. घरी आलो, जेवायला बसलो, ताटात भाजी जळकी होती, खाल्ली.

त्यानंतर मीच खायचं सोडल्यासारखं झालं. पूजेला बसायचो, डबी उघडायचो, बंद करायचो आणि ताट सरकवून दुकानात जायचो. मी उठलो की मुलगीही उठायची. आई एकटी ताटासमोर बसून राहायची, तिला दिसायचं नाही की बाकीची ताटं तशीच आहेत.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी गोळीनं तिचं दुखणं जरा बसलं होतं. तिनं मुलीला म्हटलं, मला उठवून बसव, आज मी रीतसर पूजा करते. पाठीला दोन उशा दिल्या, समोर पाट ठेवला, भस्म, तांब्या, अंगणातली शेवंती. आई स्वयंपाकघरात होती, मी दारात सदरा घालत होतो. तिनं डबी उघडली, लिंग हातावर घेतलं आणि तशीच बसून राहिली. मग अंगठा कडेवरून फिरवला. परत फिरवला.

"हे माझं न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझंच आहे, लाल दोरा आहे की. ती म्हणाली, मग टवका कुठं गेला. मी माझी डबी उघडली. टवका माझ्या हातावर होता. सोनाराचं दुकान, रुमाल, बाक, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं.

"इतके दिवस रोज हातावर घेत होता," ती म्हणाली, "एकदा बी बघितलं न्हाई?"

तिला हसू आलं आणि हसल्यानं पाठीत कळ गेली. मी पुढं होऊन हात केला, म्हटलं आण, बदलून टाकू, आईला कळलं तर घर उलटं करील. तिनं मूठ मिटली. ऑपरेशनच्या दिवशी मिटली होती तशीच.

"राहू द्या."

मी म्हटलं, राहू द्या काय, ज्याचं त्याच्याकडं पाहिजे.

"ज्याचं त्याच्यासंगं जातंय, म्हणूनच म्हणते राहू द्या," ती म्हणाली. मुलीला तिनं पाणी आणायला आत पाठवलं. "डॉक्टरनं तुमाला आत बोलावून काय सांगितलं, ते मला तवाच कळलंय. तुमी त्या दिवशी गाडीवाल्यावर चिडला न्हाईत, त्या पोऱ्यावर चिडला न्हाईत. जळकी भाजी गपगुमान खाल्ली."

सदऱ्याची गुंडी हातात तशीच राहिली.

"मी गेले की माझ्या हातावर हे तुमचं ठेवा," ती म्हणाली. "माझं तुमच्या गळ्यात ऱ्हाऊ द्या. मी नसल्यावर तुमी जेवणार न्हाईत, आन तुमी न्हाई म्हणल्यावर पोरगी बी न्हाई. मला आत्ताच दिसायलंय की. पर आईच्या घरात लिंग हातावर घेतल्याबिगर घास न्हाई. मंजे रोज मला हातावर घ्यावं लागंल आन मग जेवावं लागंल. आन आता तरी बघून घेत जावा."

मी रडलो. लग्नानंतर तिच्यासमोर पहिल्यांदा. तिनं मला रडू दिलं, मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा म्हणाली, तुझ्या बापाच्या डोळ्यात भस्म गेलंय. मग माझं लिंग हातावर घेऊन तिनं पूर्ण पूजा केली. शेवंती वाहिली, बराच वेळ बघत बसली, आणि दोन घास मऊ भात खाल्ला.

संक्रांत झाली आणि ती गेली. सकाळचीच वेळ होती. रीतीप्रमाणे तिला भिंतीला टेकवून बसवलं, भस्म लावलं. जंगमस्वामी आले. त्यांनी लाल दोऱ्याची डबी उघडली आणि लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. आई सरकत सरकत पुढं आली. सुनेचा हात तिनं चाचपला, आणि अंगठा लिंगाच्या कडेवरून फिरवला. एकदा, मग उलट्या बाजूनं परत एकदा. कड गुळगुळीत होती. तिनं दिसत नसलेले डोळे माझ्याकडं वळवले. मला वाटलं, आता ही बोलणार, एवढ्या माणसांत बोलणार. आईनं सुनेची बोटं एकेक करून लिंगावर मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत ती मूठ धरून बसली.

"चला आता," ती म्हणाली. "तिला उशीर करू नका."

त्या गोष्टीवर आम्ही मायलेक आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

मला भूक लागत नाही. तरी मुलगी कॉलेजला जायच्या आधी तीन ताटं वाढते आणि माझ्याकडं बघत बसते. मी पाटावर बसतो, डबी उघडतो, तिचं लिंग हातावर घेतो. घड्याळाकडं पाठ करून बसतो आता. टवक्याच्या तळाशी आत मूळचा करडा दगड दिसतो, त्यात भस्म अडकतं, ते ओल्या फुलानं काढावं लागतं. एवढी वर्षं ती ते काढत असणार. आई विचारते, झालं का रे. मी झालं म्हणतो, ताट ओढतो आणि जेवतो.